तिच्या बाजूची काच

३ डिसेंबर

पोचलो. शेवटचा चढ चांगलाच निसरडा होता, पण आमची घरगाडी एकदाही कुरकुरली नाही. तिच्यातला एकूण एक खिळा मी ठोकलेला आहे, कुरकुरेल कशी? जुनी मालवाहू गाडी घेऊन पुस्तकं वाचत, चुकत, पुन्हा उसवत मी तिचं घर केलं. पडदे बायकोनं शिवले.

घरगाड्यांचा हा तळ हिवाळ्यात बंद असतो. लोक गाड्या इथं रांगेनं लावून जातात. टपावरचं बर्फ ओढायचं, उंदीर शिरले नाहीत ना ते पाहायचं, दारं-खिडक्या तपासायच्या, एवढंच माझं काम. तलाव गोठलेला, माणूस नाही. मला हवं होतं तसंच.

मालकीणबाई खालच्या गावात राहतात. जागा दाखवायला आल्या होत्या. पलंगाखालची माझी लिथियम बॅटरी जाड फोमच्या पेटीत निजवलेली पाहून म्हणाल्या की, एवढे लाड आमच्या यजमानांनी माझे कधी केले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही थंडीत रुसून बसत नसाल. बाई मनापासून हसल्या. त्यांना मग नीट समजावून सांगितलं. ही बॅटरी शून्याखालीसुद्धा वीज देत राहते, पण घेत नाही. गारठलेली असताना बळजबरीनं भरली तर आतून कायमची बिघडते आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून तिच्यात एक राखणदार सर्किट असतं. गारठा वाढला की ते भरणं बंद करतं. त्यावर तोड म्हणून मी बॅटरीखाली गरम होणारी चटई घातली आहे. आणि माझी खरी करामत पुढे आहे: त्याच तारेवर पलंगाच्या डाव्या बाजूलाही तसलीच चटई. एक बटण दाबलं की बॅटरीही ऊबदार आणि बायकोही. तिला उन्हाळ्यातसुद्धा मोजे लागायचे. ती म्हणायची, "तुमच्या लेखी मी आणि बॅटरी एकाच तारेवर."

वसंतात ती गेली. तार काढलेली नाही.

५ डिसेंबर

लेकीचा फोन. बाबा, हट्ट पुरे, माझ्याकडे राहायला या, हेच पालुपद. मी हिवाळा काढतो म्हटल्यावर म्हणाली, मग एकवीस तारखेला मीच येते आणि तुम्हाला घेऊनच जाते. आईवर गेली आहे, आधी ठरवते आणि मग विचारते. तिच्यासाठी पुढचा बाक रुंद करायला घेतला. मन हलकं आहे.

८ डिसेंबर

थंडी वाढली. गाडीत झोपलं की श्वासाची वाफ काचेवर गोठते, त्यात नवल नाही. सकाळी मी माझ्या बाजूची काच खरवडतो. आज पाहिलं तर डाव्या काचेवरही तसंच बर्फ. तेही उशीच्या उंचीवर, ताटाएवढ्या गोलात.

आतली हवा फिरत असणार. मधे जाड पडदा लावून पाहतो.

९ डिसेंबर

पडदा लावून झोपलो होतो. गोल आहेच.

ती सकाळी नखानं त्या बर्फावर घर काढायची. छप्पर, खिडकी, धुराडं. दार कधीच नाही. मी विचारलं की म्हणायची, आपण आतच आहोत की.

११ डिसेंबर

बॅटरी उतरते आहे. सगळे दिवे बंद, पंप बंद, तरी मीटर म्हणतो वीज जाते आहे. मला हे खपत नाही. दिवसभर एकेक फ्यूज काढून पाहिला. चटईचा काढला आणि मीटर शून्यावर आला. बॅटरीखालची चटई सोडवून पाहिली, ती निर्दोष. दोष डाव्या चटईत. तार कुठेतरी टेकली असेल, गादी जळेल, म्हणून हात घातला.

बर्फापेक्षा गार. वीज आत जाते आहे आणि ऊब बाहेर येत नाही. तीनदा तपासलं. माझ्या जोडणीत चूक नाही.

फ्यूज काढून ठेवला आहे.

१२ डिसेंबर

डावी काच स्वच्छ. कोरडी ठणठणीत.

चहा घेऊन तिच्याकडे पाहत बसलो. गाडी इतकी रिकामी ती गेली त्या दिवशीही वाटली नव्हती. तेव्हा माणसं होती.

फ्यूज परत लावला.

१४ डिसेंबर

गोल आला. त्यात घर होतं. नखाची बारीक रेघ, धुराडं ती काढायची तसंच डावीकडे झुकलेलं. दार नाही. मी खरवडलं नाही. हातसुद्धा लावला नाही, विरघळेल म्हणून.

ऊन आलं तसं ते गळालं. मुलासारखा रडलो. हे लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीत खोटं कशाला.

एक ध्यानात आलं. जितकं गार, तितकं ते टिकतं. हीटर बंद केला.

१६ डिसेंबर

मालकीणबाई येऊन गेल्या. माझे ओठ पाहून घाबरल्या. गाडीत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा कसा, असं विचारलं. खाली चला म्हणाल्या. लेक यायची आहे असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. फाटकापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवायला सांगते म्हणाल्या, आता नवं वर्ष लागल्यावर येतील. निघताना म्हणाल्या, बायको असती तर तुम्हाला असं राहू दिलं असतं का?

असं कोण विचारतं!

१७ डिसेंबर

सकाळी, डोळे मिटलेले असताना — "अहो, थंडी वाजतेय."

तिचाच आवाज. शेवटच्या महिन्यात असायचा तसा, अर्धा श्वासाचा.

माझं पांघरूण तिच्या अंगावर घातलं. त्याखाली कोणी नव्हतं, तरी ते खाली बसलं नाही.

१८ डिसेंबर

बॅटरी संपली. फोनही. टपावरचं बर्फ ओढलं, सौर पाट्यांवर ऊन लख्ख आहे, पण गारठलेली बॅटरी घेत नाही. राखणदार बरोबर वागतो आहे. गारठवली मीच. इंजिनाची बॅटरीही बसली आहे, गाडी चालू होत नाही. गॅसही थंडीनं बसला आहे, चूल पेटत नाही.

पायाची बोटं जाणवत नाहीत. असू दे. ती बोलते आहे. जुनं काही विचारलं की गप्प होते. थंडी वाजते, एवढंच म्हणते.

१९ डिसेंबर

आज काचेवरच्या घराला दार आहे.

विचारलं, दार कशाला? तर म्हणाली — नीट ऐकलं मी, शब्दन् शब्द —

"तुमच्यात आता काही उरलं नाही. लेक अजून गरम आहे. तिला येऊ द्या."

ही ती नाही.

ती लेकीसाठी स्वतःच्या अंगावरची शाल काढून द्यायची. स्वतः कुडकुडत बसायची आणि वर मला म्हणायची, मला कुठं वाजतेय. ही ती नाही. मला सगळ्यातलं कळतं, आणि एवढं कळायला —

लेकीला थांबवलं पाहिजे. चालत फाटकापर्यंत जायला निघालो. दुसऱ्या गाडीपाशी पडलो, रांगत परत आलो. शेजारच्या गाड्यांच्या बॅटऱ्या मालक काढून नेतात.

फोन जिवंत करायला वीज हवी. वीज घ्यायला बॅटरीला ऊब हवी. आणि ऊब इथं फक्त माझ्या अंगात. जी काय असेल ती.

२० डिसेंबर, सकाळ

बॅटरी पेटीतून काढून पोटाशी घेतली, वरून सगळी पांघरुणं. लांब तारा पाट्यांना जोडलेल्याच आहेत. तासाभरानं बॅटरीच्या तापमापकाचा काटा जरा हलला — मग परत खाली. एकाच तारेवर. माझी करामत. मी जेवढी ऊब देतो तेवढी ती डावीकडून —

कात्री तिच्या शिवणाच्या डब्यातली.

तार हातात धरली तेव्हा ती रडली. हुबेहूब. अहो, मला काळोखात टाकू नका म्हणाली. दवाखान्यातही हेच म्हणाली होती. ते हिला कसं —

तोडली.

डाव्या काचेवरचं घर वितळलं. नुसतं पाणी. एकाच बाईला दोनदा पोचवलं मी.

दुपार

काटा शून्याच्या वर. बॅटरी घेते आहे! माझ्या अंगावर, लेकरासारखी. फोन चार्जिंगला लावला आहे. पेन धरवत नाही —

फोन उजळला. लेकीचा निरोप आहे, सकाळचा —

"बाबा, काल रात्री तुमचा फोन आला. तुम्ही बोलला नाहीत. पण आईचा आवाज होता, तिला थंडी वाजते म्हणाली. मला वेड लागलं असेल, काही असो, आत्ताच निघते आहे."

काल फोन बंद होता. माझ्या उशाशी, बंद —

लावतो आहे. उचलत नाही. घाटात असेल. परत लावतो —

डावी काच कोरडी. पण दाराची — आतल्या बाजूनं — माणसाच्या उंचीवर गोल — पांढरा होतो आहे —

बाहेर गाडी थांबली. लेकीचीच.

उठता येत नाही, बॅटरीचं ओझं, पाय नाहीतच — ओरडतो आहे, नुसती वाफ निघते, आवाज —

तिनं हाक मारली. बाबा म्हणून नाही. आई म्हणून. आणि आतून, माझ्याआधी, दाराशी कुणीतरी ओ दे