कमी पडलेला एक तारा

मंगळवार, १० ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकरा

प्रिय ताई,

पाहुण्यांच्या खोलीतले अभ्रे बदलता बदलता खाली बसलो आणि तुला लिहायला घेतलं. आप्पा बाजारात गेलेत, ते यायच्या आत संपवायला हवं. फोनवर हे जमलं नसतं; तुझा फोन आला की ते शेजारीच येऊन बसतात.

धंदा कसा चाललाय, असं तू विचारलं होतंस. बरा चाललाय. दगडाची खाण बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले, गाव उठलं. आता त्याच खाणीत साठलेलं निळं पाणी बघायला शहरातून गाड्या येतात. पर्यटन कार्यालयाचे साहेब सभेत म्हणाले होते, घरटी एक खोली पाहुण्यांना द्या, कर्ज आम्ही मिळवून देतो, पोरं गावातच राहतील. समोरच्या काकू म्हणाल्या, आम्हालाच पाय पसरायला जागा नाही, पाहुण्यांना काय माळ्यावर टांगू? आपण मात्र तुझी खोली रंगवली. आप्पा पाहुण्यांना खाणीवर नेतात, कुठला कडा कुणी फोडला ते सांगतात. सव्वीस वर्षं तिथे दगड फोडलेला माणूस, पण ऐट अशी, जणू तळं यांनीच घागरीने भरलं.

पाहुणे घरी पोचले की मोबाइलवर अभिप्राय लिहितात आणि पाचपैकी तारे देतात. ते मी आप्पांना वाचून दाखवतो. एप्रिलमध्ये पहिल्यांदा चारच आले. खाली लिहिलं होतं, सगळं उत्तम, पण भिंतीपलीकडे एक म्हातारे गृहस्थ रात्रभर खोकत होते. तेवढं मी गाळलं. आप्पांनी विचारलं, एक का कापला रे? माझ्या तोंडून निघून गेलं, पाणी नीट तापत नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा हीटर उघडला. पुढच्या वेळी मी म्हणालो, जिना करकरतो. त्यांनी तीन पायऱ्या नव्या बसवल्या. मग खिडकी, मग दाराची कडी. ताई, या घरात आता एकही बिजागरी वाजत नाही. आता कसा देत नाहीत तेच बघतो, असं म्हणत ते फळीवर रंधा मारायचे, आणि मध्येच थांबून खोकायचे.

गेल्या महिन्यात एका बाईंनी निघताना त्यांच्या हातावर गोळ्यांची पट्टी ठेवली. म्हणाल्या, आजोबा, झोपताना एक घेत जा, म्हणजे सगळ्यांनाच झोप लागेल. चांगल्या मनानेच म्हणाल्या. आप्पा हसले, थँक्यू म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवसापासून त्यांचं अंथरूण मागच्या अवजारांच्या खोपटात आहे. मी विनवण्या केल्या, तर म्हणतात, तिकडे वारा छान लागतो. ताई, त्या खोपटाला खिडकीच नाही. तेव्हापासूनचे सगळे अभिप्राय पाच ताऱ्यांचे आहेत. मी वाचून दाखवतो, ते मान हलवतात.

परवा दुपारच्या गाडीने ते तुझ्याकडे येताहेत. नातीला बघायला चार दिवस, असं तुला सांगितलंय. पण पिशवीत दोन्ही स्वेटर आणि आईचा फोटो भरलाय. त्यांना ठेवून घे, हे सांगायला मी लिहीत नाहीये. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे ने. खाणीत होते, हे तूच आधी सांग. ते स्वतःहून सांगणार नाहीत. सहा महिने मी तारे मोजले, पण खोकला का येतो हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. रविवारी मी त्यांना न्यायला येतो. पाहुण्यांच्या खोल्यांच्या यादीतून आपलं नाव काढायला पर्यटन कार्यालयात सांगून आलोय. तुझी खोली आता त्यांची.

तुझाच,
शेंडेफळ

ता. क. आजच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती या पत्रासोबत तपासणीसाठी सहा हजार पाठवतोय. पाहुण्यांचे आगाऊ आलेले साडेनऊ हजार परत केले. खोलीच्या कर्जाचे बेचाळीस हजार अजून देणं आहे. ते मी बघतो, आप्पांना आकडा सांगू नकोस.