भिंतीबाहेरून ऐकलेली मॅच

कोलोवाई, टोंगा
१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आई फोनवर तुला सगळं सांगते, पण तिच्या सांगण्यात आकडे चुकतात, म्हणून आधी ते दुरुस्त करते. फिजीतल्या सुवाच्या विद्यार्थी स्पर्धेत आमच्या व्हिडिओला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरं नव्हे. देश नऊ होते, तीस नव्हेत. आणि तो सिनेमा नाही, तीन मिनिटांचा व्हिडिओ आहे. मी त्यात कुठेही दिसत नाही. ध्वनी आणि संकलन माझं, कॅमेरा फिफिताचा. तीच ती, कॉलेजच्या फाटकातून हाक मारली तर बंदरावर ऐकू जाणारी. काम केलं मावशीच्या सेमिसीने. या वर्षी तो माझ्याच वर्गात आहे.

अटी तीन होत्या. तिघांनी मिळून करायचं, एकच भावना दाखवायची आणि एकही शब्द वापरायचा नाही, बोललेला नाही आणि लिहिलेलाही नाही. इतर गटांनी भीती घेतली, दुःख घेतलं. फिफिता म्हणाली, "आपण माया घेऊ. भावाबहिणीची." सेमिसीने विचारलं, "मग मी काय करायचं?" ती म्हणाली, "घरी करतोस तेच. बहीण आली की उठायचं आणि चालू लागायचं." बहीण आली की भावाने मानाने खोली सोडायची, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी की यात विचित्र काही आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. चार दिवसांत चित्रण झालं. बहीण खोलीत येते, भाऊ उठतो. ती टीव्हीसमोर बसते, तो बाहेर जातो. बहीण फिफिताच झाली, कॅमेरा तिपाईवर ठेवून.

संकलनाच्या वेळी खरी पंचाईत झाली. मावसभाऊ म्हणजे भाऊच, तेव्हा सेमिसीने आणि मी एका खोलीत बसून पडद्याकडे बघणं शक्यच नव्हतं. मी आत, तो व्हरांड्यात, आणि निरोपांची ने-आण फिफिताकडे. "तिला सांग, माझं नाक फार वेळ दिसतंय." "नाक तुझं आहे बाबा, त्याला ती काय करणार?" "मग निदान प्रकाश तरी कमी कर म्हणावं." मी दाराआड बसून काही ऐकलंच नाही असं दाखवत असे. काम दुप्पट वेळ चाललं, पण झालं.

मग सिडनीच्या मार्गदर्शक बाईंनी तो पाहिला. स्पर्धेने प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक दिला होता. संगणकाच्या पडद्यावर त्यांचे डोळे अगदी भरून आलेले दिसत होते. त्या म्हणाल्या, "राग फार प्रभावी दाखवलात तुम्ही. या मुलाचं आणि बहिणीचं एवढं काय बिनसलं आहे?" त्या गेल्यावर सेमिसी फिफिताला म्हणाला, "वीस वर्षं बहिणींचा मान राखतोय मी, आणि बाईंना मी दुष्ट वाटलो!" फिफिता म्हणाली, "थोबाडच तसं आहे. गळ्यात पाटी घाल, 'गैरसमज नसावा, मी प्रेमळ आहे.'" पण पाटी लावता येत नव्हती. शब्दांना बंदी होती.

आमच्या सरांनी सोपा मार्ग सुचवला. "अर्जात 'माया' खोडून 'राग' लिहा. व्हिडिओ उत्तम आहे, बक्षीससुद्धा मिळेल." दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण अर्ज माझ्या हातात होता. मी नाही म्हटलं. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, "कारण ते खोटं आहे. नऊ देशांसमोर आमच्या भावांना कुणी असं बघितलेलं मला चालणार नाही." माझा आवाज चढला होता. मी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. फिफिता नंतर म्हणाली, "हिला आवाज आहे तर!"

मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. मी जवळजवळ सगळं चित्रण काढून टाकलं. चूक साधी होती. आमचा कॅमेरा खोलीत बहिणीजवळ थांबत होता, म्हणून भाऊ फक्त जाताना दिसायचा. मी म्हटलं, कॅमेरा त्याच्याबरोबर बाहेर जाऊ दे, आणि बहीण दिसायलाच नको. म्हणून आता असं आहे: आत रग्बीची मॅच लागली आहे, बहिणीची पावलं वाजतात, भाऊ उठून बाहेर येतो आणि खिडकीखाली नारळ खवायला बसतो. आत गर्दीचा आवाज वाढतो. त्याचा हात हळू होतो, मग थांबतो. आत बहीण आनंदाने ओरडते, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेर हा दोन्ही मुठी वर करून उडी मारतो. खोबऱ्याचं भांडं उडून सगळं अंगणभर. मग तो भिंतीकडे बघून हसतो, खाली बसतो आणि खोबरं वेचायला लागतो. बस.

भिंतीतून येताना आवाजाचा पातळ, धारदार भाग आतच अडकतो आणि जाड भाग तेवढा बाहेर पडतो. हे यंत्रात करता येतं. मी केलं नाही. आपल्याच घरात मी आत ओरडले आणि माइक बाहेर, खिडकीखाली ठेवला. सेमिसीची उडी पहिल्याच वेळी बरोबर पडली. दुसऱ्यांदा करायला नारळही नव्हता.

सुवाच्या हॉलमध्ये आमचा व्हिडिओ सुरू होताच सेमिसी सवयीने उठून बाहेर गेला. मी भिंतीला टेकून उभी होते. पावलं वाजली आणि भाऊ उठला तेव्हा सामोआच्या रांगेत कुणीतरी हळूच हसलं, ओळखीचं हसतात तसं. मग खोबरं उडालं, आणि त्या रांगेतला एक दांडगा मुलगा उभा राहून ओरडला, "अरे, हा तर मी!" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण सगळा हॉल ओरडत होता. फिजीच्या मुली डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. सिडनीच्या बाई माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी चुकले होते." एवढंच. मला ते बक्षिसापेक्षा जास्त वाटलं. नाव पुकारलं तेव्हा सेमिसी सापडेना. तो बाहेर कलिंगड खात होता. मंचावर हनुवटीवरून रस गळत असताना त्याने बक्षिसाचा चषक घेतला.

आता हे पत्र का, ते लिहिते. तू चौदा डिसेंबरला येतोस. त्याच शनिवारी पाद्रींनी चर्चच्या हॉलमध्ये व्हिडिओ ठेवला आहे. तो प्रसंग मला कुठून सुचला हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी अकरा वर्षांची होते, तू पंधरा. तू मॅच बघत होतास. त्या सकाळी तू मला होडीवर नेलं नव्हतंस, म्हणून मी मुद्दाम आत येऊन बसले. मला रग्बी कळतही नव्हतं. शेवटची नऊ मिनिटं उरली होती. तू एक अक्षर न बोलता उठलास. आपण जिंकलो तेव्हा मी ओरडले, आणि खिडकीखालून तुझं ओरडणं आलं, माझ्याबरोबर, एका दमात. चिडलेला माणूस तसं ओरडत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. दादा, मी मुद्दाम आले होते. समोर उभी राहून हे मला सांगता येणार नाही. शनिवारी पहिल्या रांगेत, पंख्याखाली तुझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. आजवर दर वेळी तू उठलास. या वेळी बाहेर मी जाणार आहे, पाद्रींना तसं कळवलं आहे. तू शेवटपर्यंत बसायचं. बहिणीचा शब्द मोडता येत नाही, ही रीतसुद्धा आपलीच आहे.

तुझीच, वयाने धाकटी आणि मानाने मोठी,
मेलेआने