ताईसाठी अनेकवचनं

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मी धडधाकट आहे. जेवतोस का, हे या वेळी विचारू नकोस. सोनुलीला पापा. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, म्हणून पत्र.

व्हिसाच्या परीक्षेसाठी इंग्रजी अनेकवचनं सातवीत शाळा सोडलेल्याला विचारतेस, कमालच तुझी! पण गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवून तेवढं डोक्यात बसलंय. बहुतेक शब्दांना शेवटी एस. कप, कप्स. ब्रशला ईएस, ब्रशेस. नाइफचं नाइव्ह्ज. शीप एक असो नाहीतर कळप, शीपच. आपला उंदीर नाही का, एक उंदीर, दहा उंदीर. मॅनचं मेन, चाइल्डचं चिल्ड्रन. तिथे एस लावलास की मार्क गेले.

इथे थंडी फार आहे. खोलीत मी ऐसपैस झोपतो. दाजींची खाट उन्हाळ्यापासून रिकामीच असते.

परवा दाजी गोदामाच्या फाटकाशी आले. मला चहा पाजला.

"काय मेव्हणे, मास्तर झालात म्हणे?"

मी हसलो. मग ते हळूच म्हणाले, "तिला उलटंसुलटं लिहून पाठव. चाइल्ड्स, मॅन्स, असलं. नापास झाली की वर्षभर परीक्षेला बसता येत नाही. मग व्हिसाही नाही."

"चेष्टा करताय?"

"तिच्या भल्यासाठीच रे. इकडे येऊन काय करणार ती?"

त्यांच्या हातातल्या पिशवीत लहान बाळाच्या दुधाचा डबा होता. त्यांनीच सांगितलं, मुलगा झालाय. मुलाची आई त्यांच्याच कारखान्यात आहे.

ताई, उरलेला चहा मी तिथेच फाटकाशी ओतून दिला.

काल मी चुकीचं लिहिलंही. वाटलं, तू तिथेच राहशील, तुला कळणार नाही, रडणार नाहीस. मग फाडलं. वर लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, लेबलच्या टेबलावरच्या बाईंकडून तपासून घेतलंय. बिनधास्त पाठ कर.

परीक्षा दे. पास हो. मग यायचं की नाही ते तू ठरव, त्यांनी नाही. आलीस तर सोनुलीला घेऊन थेट माझ्याकडे ये. नाही आलीस तरी मी तुझ्याच बाजूचा.

माझं बूड एका जागी टिकत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुझं उत्तर येईपर्यंत हा पत्ता बदलणार नाही.

रडून झालं की लिही.

तुझाच,
धाकटा