भुतानंही 'जाते' म्हणू नये

प्रिय महामाया,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, कारण आपल्यात पत्रं कुणी लिहीत नाही. सगळे धडधाकट आहेत, घाबरू नकोस. फोनच केला असता, पण मी गेमचं नाव काढलं की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते, नाहीतर कुकरची शिट्टी होते. आता वाजव म्हणावं बेल! तर ऐक. आपल्या 'सूप' गेमचा दुसरा भाग आला आणि लोक घाबरले गं! खरंखुरं घाबरले, घरातले सगळे दिवे लावून आणि भावाला शेजारी बसवून घाबरले! लातूरच्या आपल्या त्या कोंदट ऑफिसात मी, शरणप्पा आणि हरिओम सकाळपासून एकेक परीक्षण मोठ्यानं वाचून राहिलोत, चहा गार होतोय, आणि खालचा झेरॉक्सवाला दोनदा वर येऊन भांडण चाललंय का म्हणून बघून गेला.

तुझ्याकडे एक काम आहे, तेही आधीच सांगून ठेवते. गेम संपल्यावर जी नावं वर सरकतात त्यात 'निवडणारीचा आवाज', म्हणजे आपल्या भुताचा आवाज, याच्यापुढची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. बंगळुरूच्या एका स्पर्धेनं उत्कृष्ट आवाजासाठी आपलं भूत निवडलंय, आणि रविवारच्या आत नाव कळवलं नाही तर ते बाद होणार. नाव द्यायचं की नाही, हे तुझ्या हातात आहे. कुणाचं ते शेवटी सांगते. आत्ताच पान उलटून बघू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

पहिल्या भागाचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. नांदेडला हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आपण तो रचला. बंद पडलेली दालमिल, आत अंधारात बसून डाळ निवडणारी बाई, आणि सुपाचा आवाज. सूप पाखडतंय तोवर खेळणाऱ्यानं चालायचं, सूप थांबलं की पळायचं. ही कल्पना तुझी, आणि अजूनही मला तिचा हेवा वाटतो. निवडणारीचा आवाजही तुझाच होता. "कुठं जाऊन राहिली गं?" एवढं एकच वाक्य तू असं म्हणायचीस की माझ्या अंगावर काटा यायचा. आणि मग पुण्याच्या त्या मोठ्या परीक्षकानं व्हिडिओ टाकला, की हे भूत जीव घ्यायला आलंय का मेथीची जुडी विकायला? उचलली जीभ लावली टाळ्याला! ते वाक्य खाली हसण्याचे आवाज लावून गावभर फिरलं. तुझ्या कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या पोरानं ते तुलाच ऐकवलं, आवाज तुझा आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. "सगळ्यांबरोबर मीपण हसले," असं तू मला फोनवर सांगितलंस. त्यानंतर तुझ्या बोलण्यातून 'लई' गेलं, मग होकाराचं 'हाव' गेलं, आणि आता तू मला "अगं, अगदी खरंय" म्हणतेस तेव्हा मला वाटतं राँग नंबर लागला. राग येतो मला, त्या माणसाचा आणि थोडा तुझाही. चल, ते राहू दे.

दुसऱ्या भागात निवडणारी मिल सोडून तुमच्या घरी येते. स्वयंपाकघरात बसते, तुमचीच तूरडाळ ताटात घेते, आणि निवडता निवडता चौकशा करते. जेवलीस का, एवढी वाळलीस का, तुझ्या आईचा फोन आला होता का. बस, एवढंच! तिनं कुणाचा गळा धरला नाही की रक्त सांडलं नाही, आणि तरी लोकांची गाळण उडाली. तोच पुण्याचा परीक्षक या वेळी म्हणतो, की निवडणारीनं मला जेवणाचं विचारलं आणि मी हेडफोन काढून ठेवला, आणि मागच्या वेळी मी ज्या बोलीला हसलो तिचीच मला भीती वाटली, हे मला मान्य केलं पाहिजे. मान्य केलं पाहिजे म्हणे! शरणप्पानं ते वाक्य छापून भिंतीला चिकटवलंय. सगळेच गोड बोलले असं समजू नकोस. शेवटचा तास ढिला आहे असं तिघांनी लिहिलंय आणि ते बरोबर आहे. फ्रिज उघडला की गेम बंद पडतो, तेही एकानं लिहिलंय, त्यावर हरिओम बसलाय.

पण खरी गंमत पुढं आहे. दर रात्रीच्या शेवटी निवडणारी उठते आणि दारातून निघून जाते. मी तिच्यासाठी लिहिलं होतं, "जाते मी आता." ज्या बाईंनी आवाज दिला त्या हे म्हणेचनात. रेकॉर्डिंग थांबलं, हरिओम काचेतून हात जोडून राहिला, आणि बाई मलाच रागावल्या. "कुणाच्या घरातून निघताना जाते म्हनतेत का? येते म्हनावं." मी म्हटलं, अहो ती मेलेली आहे, तिला काय फरक पडतो? तर म्हणाल्या, "मेली म्हनून काय रीत इसरली का ती?" मग त्यांनी त्यांच्या मनानं म्हटलं, "येते बरं का, माय." अगदी हळदीकुंकवाला येऊन उठल्यासारखं. मी म्हटलं झालं, भूत पुन्हा मेथी विकणार.

संवादांचं इंग्रजी भाषांतर पडद्यावर खाली टाकायचं काम आम्ही मुंबईच्या एका पोराला दिलं होतं, मराठी त्याला शब्दकोशापुरतं येत होतं. त्यानं 'येते'चा अर्थ लावला, मी येत आहे! आता विचार कर, परदेशातला खेळणारा जीव मुठीत धरून बसलाय, भूत दाराबाहेर चाललंय, याच्या जिवात जीव येतोय, आणि उंबऱ्यावरून वळून हसत हसत ती सांगते की मी येत आहे! एका इंग्रजी परीक्षणानं त्या एका वाक्यावर अख्खा परिच्छेद लिहिलाय. जाता जाता येण्याची धमकी देणारं असं भूत आजवर पाहिलं नाही म्हणे. मी हसून हसून खाली बसले. चूक दुरुस्त करायची का यावर ऑफिसात जुंपली, आणि शरणप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. त्यांना भ्या वाटून राहिलं, आपल्याला माया. दोन्ही खरंच हाय." जळकोटच्या एका पोरीनं गेमच्या पानाखाली लिहिलंय, की निवडणारी येते म्हणाली तेव्हा मी घाबरले नाही, रडले, कारण माझी आत्या तशीच निघायची, आणि आमच्यासारखं बोलणारं कुणीतरी पहिल्यांदा गेममध्ये भेटलं, भूत तर भूत. हे मी तुझ्यासाठी उतरवून घेतलं. त्या पोरीनं मग तुझा पहिला भागही खेळला, तिला तोही आवडला.

आता आवाज कुणाचा ते सांगते. तुझ्या आईचा. सुमनबाईंचा. मी नांदेडला त्यांना भेटायला गेले होते, सहजच, आणि त्या मला दारातच ओरडल्या, धर्माबादच्या गाडीत कंडक्टर असताना मागच्या सीटपर्यंत ओरडायच्या तशा. तेव्हाच मी ठरवलं. त्याही हौसेनं आल्या, नवीन साडी नेसून आल्या, मायक्रोफोनला दिसत नाही म्हटलं तरी. पण नावाचं विचारलं तशा म्हणाल्या, "मागं तिला लई हासले लोकं. आता आईचं ऐकून पुन्ना हासले तर तिथं तिनं तोंड कसं दाखवावं? आधी तिला इचार, तिला चालत असंल तरच टाक." आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हे पत्र लिहितेय. तुझा फोन आला की त्या जपून बोलतात, महामाया. तुला आवडेल तसं पुस्तकातलं बोलायला जातात, शब्द सापडत नाहीत, म्हणून "बरंय, ठेवते" म्हणून लवकर ठेवतात. तुला वाटतं आई हल्ली कमी बोलते. रेकॉर्डिंग संपल्यावर त्या काचेमागं बसूनच राहिल्या आणि मला म्हणाल्या, "लई दिसांनी मोकळं बोलले गं मी." भूत होऊन त्यांना मोकळं बोलता आलं. म्हणून नावाचं उत्तर मला देऊ नकोस. त्यांना फोन कर, आणि आपल्या बोलीत सांग. त्यांनी मला होकार कळवला की मी समजेन.

तुझीच, रागावलेली आणि हरखलेली,
उज्वला