एकदम ठीक, साहेब!

सोमवार, ३ मार्च
आजपासून केंद्राच्या गुणवत्तेची जबाबदारी माझ्यावर. सैन्यात जायबंदी झालेली माणसं निवृत्त झाल्यावर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज करतात. आम्ही त्यांना तपासतो आणि आमच्या रिपोर्टवर पेन्शन ठरते. रिपोर्ट वरवरचे असतात अशी तक्रार आली आहे. खरीच आहे. बाकीचे डॉक्टर नुसत्या पाट्या टाकतात.
संकल्प: प्रत्येकाला पूर्ण वेळ. मध्येच उठायचं नाही. फोन ड्रॉवरमध्ये. मुख्य म्हणजे ऐकायचं.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी घरात सराव कर, सकाळपासून सांगतेय गॅस संपलाय. तिला व्यापक विषयांत रस नाही.

मंगळवार, ४ मार्च
टेबल खिडकीपाशी हलवलं. उजेड डोळ्यांवर येतो. परत भिंतीपाशी. तिथे पंखा लागत नाही. शिपाई म्हणाला, साहेब, काय ते एकदा ठरवा, मलाही कंबर आहे. पेशंट खोळंबले, पण पाया पक्का नको का?

गुरुवार, ६ मार्च
नवी पद्धत सुरू! तोफखान्यातले एक निवृत्त हवालदार मुलीबरोबर आले. अर्ज दोन्ही गुडघ्यांसाठी. मी आत शिरताच ताडकन उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर. काय त्रास होतो, विचारलं. म्हणाले, एकदम ठीक, साहेब! गुडघे? एकदम ठीक, साहेब! चालून दाखवा म्हटलं तर खोलीभर कवायत केली. काय रुबाब!
मुलगी मध्येच सांगू लागली, बाबा साहेबलोकांसमोर असंच करतात, घरी खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. मी म्हटलं, बाई, पेशंटला बोलू द्या. ऐकायचं म्हणजे ऐकायचं. शिवाय आत्ता एकटे उठलेच की.
गुडघ्यांना हात लावायचा राहिला. पण नजर तयार असली की हात लावावा लागत नाही. आणि तेवढ्यात ड्रॉवर वाजत होता.

सोमवार, १७ मार्च
पंधरवड्याचा आढावा. मी तपासलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नाही! इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना. गच्चीवर फेऱ्या मारल्या.
खाली आलो तर ज्युनिअर डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. म्हणाल्या, सर, या लोकांना साहेबासमोर कुरकुर करायची नाही असंच शिकवलेलं असतं. कोट काढून, शेजारी बसून विचारलं तर? मी म्हटलं, कोट काढला तर डॉक्टर कोण ते कळणार कसं? डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण अनुभव कमी.

शुक्रवार, २८ मार्च
हवालदारांचा अर्ज फेटाळला. माझ्या रिपोर्टवरून.
मुलगी येऊन गेली. म्हणाली, पेन्शन नाही तर ऑपरेशनही नाही. बाबा म्हणतात, साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. भांडली असती तर बरं झालं असतं. फेरतपासणी मागा, असं सांगून वाटेला लावलं.
माझी काय चूक? माणूस स्वतःच्या तोंडानं ठीक म्हणाला. तरी दिवसभर जिवाला चैन नाही. चहा मागवला, गार झाला. दुसरा मागवला, तोही गार झाला. शिपाई म्हणाला, साहेब, प्यायचा नसेल तर मी पितो.

बुधवार, ९ एप्रिल
मार्ग सापडला. चर्चासत्र! केंद्रातला सगळ्यात वाईट रिपोर्ट निवडायचा, नाव झाकून पडद्यावर लावायचा आणि चिरफाड करायची. निवडीचं काम डॉक्टरीणबाईंना दिलं. त्या म्हणाल्या, सर, नक्की ना? म्हटलं, भीड भिकेची बहीण. त्या घुटमळल्या. दोन नंबरचा वाईट चालेल का, म्हणाल्या. मुळीच नाही! तडजोड केली की गुणवत्ता गेली.
हवालदारांची फेरतपासणीही त्यांच्याच गळ्यात घातली. माझ्यामागे आता चर्चासत्राचा व्याप.

बुधवार, १६ एप्रिल
चर्चासत्र झालं.
केंद्राचे प्रमुख, मोठे साहेब, पहिल्या रांगेत. पडद्यावर रिपोर्टचं पहिलं पान. निम्मे रकाने कोरे. मी असा काही सुटलो! सांधा हाताळलेला नाही. हालचाल मोजलेली नाही. घरच्या माणसांना विचारलेलं नाही. हा डॉक्टर पेशंटच्या खोलीत होता की बाहेर? अक्षर तेवढं सुरेख आहे, एवढंच म्हणेन.
सभागृह चिडीचूप. मला वाटलं, पकड घेतली.
मोठ्या साहेबांनी विचारलं, अशा डॉक्टरचं काय करावं? मी म्हटलं, उद्यापासून त्याला पेशंटच्या जवळ फिरकू देऊ नका. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, पुढचं पान लावा.
'गुडघे: तक्रार नाही. चाल उत्तम.' खाली माझी सही. ती झाकायचा कागद निसटला होता की कुणी काढला, विचारलं नाही.
बायकोला घरी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, त्या माणसाचं काय झालं?

शुक्रवार, १८ एप्रिल
तपासणी बंद. माझ्याकडे आता खुर्च्या आणि पाण्याचा फिल्टर.
हवालदारांची फेरतपासणी आज होती. डॉक्टरीणबाई कोट काढून बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या म्हणे. म्हणाल्या, दोन्ही गुडघे पार गेलेत, सर, उभे कसे राहतात देव जाणे. रिपोर्ट तसाच जाणार. पेन्शन मिळेल बहुतेक.
माफी मागायची ठरवली. चार वाक्यं मनात जुळवली आणि जिन्याकडे धावलो.
ते मध्यावर होते. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, एकेक पायरी आडवं होऊन उतरत होते. मुलगी खालच्या पायरीवर हात पसरून उभी. प्रत्येक पायरीला आई गं म्हणत होते. मी हाक मारली, हवालदार!
त्यांनी कठडा सोडला. ताठ झाले. चेहरा घामानं निथळत होता. म्हणाले, एकदम ठीक, साहेब!
चारही वाक्यं विसरलो. शरम वाटली, दुसरा शब्द नाही. अहो, धरा कठडा, म्हटलं. धरेनात. बसा म्हटलं. बसेनात. गुडघे थरथरत होते, मला वरून दिसत होते. मुलगी हळूच म्हणाली, डॉक्टर, तुम्ही जा ना. तुम्ही समोर आहात तोवर ते धरायचे नाहीत.
मी भिंतीआड झालो. जरा वेळानं पुन्हा आई गं ऐकू आलं. ते खाली पोचेपर्यंत मी जागचा हललो नाही.