न जळालेले अंगण जळीत क्षेत्रातून वगळण्याबाबत

प्रति,
मा. वनाधिकारी,
वनक्षेत्र कार्यालय, पेत्रोलाका.

अर्जदार : अनारगिरोस झिसिमू, निवृत्त भूगोल शिक्षक, सध्या शेळीपालक, मु. आनो पेत्रोलाका, एव्हिया बेट.

विषय : वणव्याच्या सामायिक नकाशात माझे अंगण, गोठा व ऑलिव्हची बाग चुकून जळाल्याबाबत.
संदर्भ : शेळ्या हलवण्याविषयी आपली नोटीस.

महोदय,

१. ऑगस्टच्या वणव्यात आमचा डोंगर जळाला. त्याबद्दल तक्रार नाही. तो खरोखरच जळाला. माझे घर, अंगण, गोठा व बाग मात्र वाचली. आपल्या नकाशात तीही जळालेली आहेत. जळीत जमिनीवर चराई बंद, सबब २६ ऑक्टोबरला येणाऱ्या संत दिमित्रिओसच्या सणापूर्वी शेळ्या हलवाव्यात, असे आपण फर्मावले आहे. आसपास हिरवे म्हणून तेवढेच उरले आहे.

२. चूक अशी झाली. आपले वनरक्षक ग्रिगोरिस मोजणीचे यंत्र खिशात ठेवून जळिताच्या कडेकडेने चालत होते. ते चालतील तशी नकाशावर रेघ उमटते. फाटकाशी आले तशी माझी पत्नी एव्हान्थिया ओरडली, "अरे ए ग्रिगोरिस, असलं काजळलेलं तोंड घेऊन दारावरून पुढे जातोस? तुझ्या आईला काय सांगू मी?" आमच्याकडे असे बोलावणे मोडता येत नाही. ते आत आले. चीज झाले, त्सिपुरो या घरगुती दारूचे दोन पेले झाले, गोठा पाहिला, बागेत चक्कर मारली आणि मागच्या वाटेने पुन्हा कडेला लागले. यंत्र चालूच होते.

३. आपल्या कार्यालयातील बाईंना हे सांगितले. "अहो काका, रेघ एकदा बंद झाली ना, की आतलं सगळं जळालेलंच," त्या म्हणाल्या. शिवाय नकाशा अग्निशमन व कृषी खात्यांशी सामायिक; एकाने खोडले तरी दुसऱ्याकडून ते परत येते. पुरावा म्हणून मी हिरव्या झाडाखाली चरणाऱ्या शेळ्यांची छायाचित्रे दिली. त्यावर जळीत क्षेत्रात बेकायदा चराई केल्याचा दंड आला.

४. मग फेरमोजणी. कोणालाही आत बोलवायचे नाही, अशी मी एव्हान्थियाला शपथ घातली. ग्रिगोरिस नेमके तिच्या नामदिनी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, आले. त्या दिवशी घराचे दार कोणालाच बंद नसते. या खेपेस त्यांनी शहाणपणाने फाटकाशीच यंत्र बंद केले व निघताना मागच्या दाराशी सुरू केले. यंत्राने दोन्ही टोके सरळ जोडली. रेघ आता घरातून जाते. चूल वाचली आहे, पलंग जळाला आहे. गोठा व बाग अर्थातच पलंगाच्या बाजूला.

५. "काका, आता माझ्याही हातात नाही हो," असे ग्रिगोरिस स्वतः येऊन सांगून गेले. म्हणून मागणी कमी करतो. बाग राहू द्यावी. पलंगही राहू द्यावा. फक्त गोठ्यापुरती रेघ सरकवावी. तेही नियमात बसत नसेल, तर शेळ्या न्यायच्या कुठे, एवढे तरी कळवावे. खाटकाची गाडी दर सोमवारी गावात येते. तिला नकाशा लागत नाही.

आपला नम्र व अद्याप न जळालेला,
अनारगिरोस झिसिमू

आनो पेत्रोलाका, ७ ऑक्टोबर

सोबत : माझ्या बागेतील ऑलिव्हची फांदी, एक. आज सकाळी तोडलेली आहे. कृपया वाळण्याआधी पाहावी.