सतरा तारखेचा पाऊस

१ ऑक्टोबर

पोचले एकदाची! नांदेडहून सकाळची एसटी, बिलोलीला उतरून काळीपिवळी, आणि शेवटचा दीड किलोमीटर दोन पिशव्या नि एक गुंडाळलेली गादी घेऊन पायी. आईनं लोणचं, पापड, ज्वारीचं पीठ असं काय काय बांधून दिलंय, जणू हिवरवाडीला माणसं उपाशीच राहतात. पण आज मला कशाचाच राग येत नाही. मी, बुद्धप्रिया, वय पंचवीस, आजपासून हिवरवाडी शेती केंद्राची हवामान निरीक्षक. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर का होईना, पण निरीक्षक!

माझ्याआधी दयानंद सर येऊन बसले होते. खास माझ्यासाठी लातूरहून गाडी काढून. लातूरला कृषी पदविकेला त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं. तरुणपणी ते इथेच निरीक्षक होते, आणि ही जागाही त्यांनीच चार ठिकाणी शब्द टाकून मिळवून दिली. बाबा गेल्यापासून माझ्यासाठी एवढी धावपळ कुणी केली नव्हती. मी तसं म्हणाले तर सर म्हणाले, वेडी का बेटा, तू मला मुलीसारखी. मला भरून आलं. रडले नाही, कारण रखवालदार व्यंकटमामा बघत होते.

सरांनी कुंपणातली सगळी उपकरणं दाखवली. पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक. त्यातला एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या टोकाला भिजकं कापड असतं, हवा जितकी कोरडी तितका त्याचा पारा खाली. दोन्ही सारखे दिसले तर हवेत पाणी मावेनासं झालंय म्हणायचं. बाजूला पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला त्याच्या बाटलीतलं पाणी मोजपात्रानं मोजायचं, एक भरलं की वीस मिलिमीटर. पाऊस पासष्टच्या वर गेला तर ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीला ताबडतोब कळवायचं.

आज किमान २२.४, कमाल ३३.८, पाऊस निरंक. परतीचा पाऊस गेला, आभाळ धुतल्यासारखं. सगळीकडे सोयाबीनची काढणी चालू आहे आणि केसांत नुसता भुसा.

३ ऑक्टोबर

दोन दिवस बिलोलीत मुक्काम करून सर आज लातूरला परतले. जाताना एक काम करून घेतलं. पंधरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचं रजिस्टर वाळवीनं कोरलंय, दिवाळीआधी तपासणी आहे, तर कोऱ्या रजिस्टरात त्याची स्वच्छ नक्कल करून दे, म्हणाले. तुझ्यासारखं अक्षर जिल्ह्यात कुणाचं नाही. एवढं म्हटल्यावर मी कसली थांबते! एका दुपारी महिना उतरवला.

गंमत म्हणजे जुन्या रजिस्टरात एकतीसच्या एकतीस दिवस एकच शाई, एकच तिरपं वळण आणि रोज पाऊस निरंक. सर, तुम्ही अख्खा महिना एका बैठकीत लिहून टाकला की काय, असं चिडवलं. सर हसले, पण जरा उशिरा. सहीच्या रकान्यात कुणाचं नाव विचारलं, तर म्हणाले, नकलेला ज्याचं अक्षर त्याचीच सही, नियमच आहे. केल्या एकतीस सह्या. जुनं रजिस्टर ते लातूरला जमा करायला सोबत घेऊन गेले.

व्यंकटमामा दारात उभे होते. चहा घेता का विचारलं, तर पाठ फिरवून निघून गेले. तऱ्हेवाईक म्हातारा आहे.

५ ऑक्टोबर

किमान २१.८. आभाळात बोटभर ढग नाही, आणि पर्जन्यमापकाच्या बाटलीत पाणी! चार मिलिमीटर. तेही गढूळ, ओढ्याच्या पाण्यासारखं. दवानं एवढं भरत नाही. कुणा टवाळाचा उद्योग असणार. बाटली घासून ठेवली, रजिस्टरात निरंक लिहिलं. कुंपणाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली.

७ ऑक्टोबर

कुलूप जागच्या जागी. बाटलीत अकरा मिलिमीटर, तळाशी चिखल.

दुपारी अडीचला पेटी उघडली. बाहेर ऊन असं की गोठ्यातली म्हैस सावली सोडायला तयार नाही. जमिनीला भेगा. आणि कोरडा तापमापक चौतीस, ओलाही चौतीस. कापड बदललं, पाणी बदललं. चौतीस, चौतीस. सरांना फोन केला. जुनी उपकरणं आहेत बेटा, मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

सिंधुकाकूंचा फोन. काकू म्हणजे सरांच्या मिसेस, लातूरला मी कितीदा त्यांच्या हातचं जेवलेय. फार खुशीत होत्या. त्यांच्या घरात एक भिंत आहे, ऑक्टोबर लागला की झिरपते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या लातुरात ही भिंत मात्र पंधरा वर्षं ओली! मिस्त्री झाले, बोअर तपासून झाली, उपयोग शून्य. “औंदा बघ प्रिया, ठणठणीत कोरडी हाय गं. तुझे सर तर लेकरावानी नाचून राहिलेत!” म्हणाल्या. यंदा दिवाळीला रंग देणार आहेत.

मी पण हसले. मग फोन ठेवला आणि पंधरा हा आकडा डोक्यातून जाईना.

आज बाटलीत चोवीस.

१० ऑक्टोबर

सकाळी साडेआठ. कुलूपबंद कुंपणाच्या आत एक म्हातारी. हिरवं लुगडं अंगाला चिकटलेलं, पदरातून पाणी गळतंय. मोजपात्र उन्हाकडे धरून बघत होती, माझ्यापेक्षा नीट. मी कोण म्हणून ओरडले. ती वळली आणि साधेपणानं विचारलं, “किती लिवलं, बाई?”

मी किल्ली शोधायला खाली बघितलं, तेवढ्यात कुणी नव्हतं. ती उभी होती तिथली माती मात्र ओली. अक्षर बिघडलंय माझं.

१२ ऑक्टोबर, नांदेड

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. रजा टाकून काल घरी आले. नोकरी गेली खड्ड्यात, परत जायचंच नाही असं ठरवलं होतं. पांढरी साडी नेसून आईसोबत विहारात जायचं, खीर खायची, बास.

सकाळी उठले तर माझ्या खाटेखाली पाणी. गढूळ, वर सोयाबीनचा भुसा तरंगतोय. इथे, नांदेडच्या मधल्या गल्लीत! आईला वाटलं माठ पाझरला. पुसत बसली बिचारी. दोन तासांनी पुन्हा. या वेळी आईच्या उशीपर्यंत.

मी जिथे, तिथे ते येतंय. आई एकटी आहे, तिला दमा आहे. कामाचं निमित्त सांगून दुपारच्या एसटीत बसले. विहारात नाही गेले. आई रुसली.

१३ ऑक्टोबर

व्यंकटमामांना पायरीवर बसवलं आणि म्हणाले, खरं सांगितल्याशिवाय उठायचं नाही. सांगितलं त्यांनी.

तिचं नाव सरजाबाई. इथली रोजंदारीची बाई, खालच्या वस्तीतली. दयानंद सरांनी त्या वर्षी दसऱ्याला गावी जाताना महिन्याभराचे आकडे आधीच भरून ठेवले होते आणि मोजायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. सतरा तारखेला पहाटेपासून ढगफुटी. सरजाबाईनं साडेआठला भांड्यावर भांडं मोजलं आणि सरांना फोन लावला. सर म्हणाले, मी येतोय, तोवर कुणाला काही सांगू नकोस. सांगितलं असतं तर सर जागेवर नाहीत हे उघड झालं असतं. ती त्यांच्या शब्दावर दुपारपर्यंत गप्प बसली. सर आले नाहीत. मग ती स्वतःच वस्तीकडे पळाली. ओढ्यानं तीन घरं नेली, आणि ती. रजिस्टरात निरंकच राहिलं, म्हणून चौकशीत पाऊस इथे नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाला झाला असं ठरलं.

“ती रागानं न्हाई येत, ताई,” मामा म्हणाले. “आकडा सांगाया येती. ज्याची सही, त्याच्याकडं. पन ती आली की पानी बी येतंच.”

मग मी सही करत होते तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, बोलला का नाहीत? मामा खाली बघत म्हणाले, सायबानं पोराला नोकरी लावली, कसा बोलू. सर्वांनाच माहीत होतं. मीच एक शहाणी, मोत्यासारखं अक्षर काढत बसले.

१४ ऑक्टोबर

सरांना फोन केला. नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, पंधरा वर्षं मी सोसलं, तुझ्या काकूला कळू नये म्हणून दर सतराला एकटाच बाहेर राहायचो, दर वर्षी पाणी चढत होतं, गेल्या वर्षी गळ्यापर्यंत आलं. मला संसार आहे बेटा.

मला नाही? मला आई नाही?

मग उपायही सांगितला. सतराच्या आत दुसऱ्या कुणाकडून नक्कल करून घे. तुझ्या वर्गातली लोह्याची उज्वला नोकरी शोधतेय, तिचं अक्षर बरं आहे. वाळवीनं खाल्लं म्हण. — म्हणजे त्यांच्याकडे यादी होती. मी वर्गात हुशार म्हणून नाही, मुलीसारखी म्हणून नाही. अक्षर बरं, आणि मागे विचारणारं कुणी नाही, म्हणून. दोन वर्षं ह्या माणसानं माझ्या वह्या तपासल्या. किळस येते.

बाटलीतून पाणी वाहून राहिलंय. मोजत नाही.

१५ ऑक्टोबर

उज्वलाला फोन केला. हो, मी केला. काम आहे, उद्या ये म्हणाले. पोरगी किंचाळली आनंदानं. तू देवासारखी भेटलीस म्हणाली. तिची आई लगेच लाडू वळायला बसली.

कोरं रजिस्टर काढून ठेवलंय. पेन पण.

खोलीत घोट्यापर्यंत पाणी. बाहेर धूळ.

१६ ऑक्टोबर

नाही जमलं. सकाळी उज्वला बसस्टँडवर होती, तिथेच फोन करून सांगितलं, येऊ नको, जागा दुसऱ्याला गेली. मग म्हणाली, “तू बी तसलीच निघालीस की गं.”

फोन कापला तिनं. असू दे. तसलीच म्हणू दे —

व्यंकटमामांना वस्तीत पाठवलं. उद्या घरात थांबू नका म्हणावं. आभाळ निळं बघून लोक हसले म्हणे. तरी दोन घरं लेकरांना घेऊन वर येतो म्हणाली.

आईला फोन — नुसताच केला. जेवलीस का विचारलं तिनं.

१७ ऑक्टोबर

आठ दहा. कडक ऊन. कोरडा सव्वीस, ओला सव्वीस.

आठ पंचवीस. खोलीत पाणी गुडघ्याच्या वर. दार उघडत नाही. व्यंकटमामा बाहेर कोरड्या अंगणात, खांद्यानं दार ढकलून राहिलेत. रडतायत.

साडेआठ. ती खोलीत आहे. मोजतेय. मी लिहितेय.

वीस. चाळीस. साठ. ऐंशी — इथे सांगायला हवं होतं, सर, इथेच, एवढं साधं होतं —

शाई विरघळली. नकलेच्या रजिस्टरचं पान निळं. सह्या गेल्या. ही रोजनिशी डोक्यावरच्या फळीवर धरलीय, लिहितेय पेन्सिलनं. पेन्सिल राहते पाण्यात.

एकशे साठ. पोटापर्यंत. गार आहे.

एकशे त्र्याण्णव. थांबली. म्हणाली, “एवढाच. कुणी लिवून घेतला न्हाई.”

लिहिला. १७ ऑक्टोबर, पाऊस १९३ मिलिमीटर. निरीक्षक गैरहजर. मोजलं सरजाबाईंनी.

मी म्हणाले, आजी, पूर्ण नाव सांगा. हजेरीपटावर नुसतं सरजाबाई होतं म्हणे, कुणी विचारलंच नाही कधी.

हनुवटी — हात वर —

सांगतेय ती, हळू, एकेक अक्षर —

मोजणार: सरजाबाई निवृत्ती कां